राजांची इंग्रजी नाटकं टीव्हीसाठी लिहायची असतील तर आधी नाती लावा

आधी एक मोठा कागद घ्या, ए-थ्री मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पण चालते. वरती मधोमध लिहा एडवर्ड तिसरा, वारला १३७७ साली. खाली त्याचे सात मुलगे. दोन लहानपणीच गेले, त्यांच्यावर काट मारा, उरले पाच: ब्लॅक प्रिन्स, लायोनेल, जॉन ऑफ गाँट, एडमंड आणि शेंडेफळ थॉमस. शेक्सपिअरची रिचर्ड दुसऱ्यापासून रिचर्ड तिसऱ्यापर्यंतची जी आठ नाटकं आहेत ती सगळी या पाच भावांच्या पोरानातवंडांची भाऊबंदकी आहे. तुताऱ्या, चिलखतं, भांडणाऱ्या दोन शाखांचे लाल गुलाब पांढरा गुलाब हे सगळं नंतर बघू.

मी हे उलटं केलं होतं म्हणून सांगतोय. काही वर्षांपूर्वी हेन्री सहाव्यावरच्या लिमिटेड सिरीजची कन्सेप्ट घेऊन अंधेरीतल्या एका ऑफिसात गेलो, पहिली तीन पानं नुसती लढाई, धूर, बाण, घोड्यांच्या टापा, मला वाटलं समोरचे खलास होणार. समोरच्या मॅडमनी शांतपणे तीनही पानं वाचली आणि विचारलं, हा यॉर्क राजाचा कोण लागतो? आणि मी सुरू केलं की बघा, राजाचे पणजोबा जे होते ना त्यांचा भाऊ... तेवढ्यात चहा आला, चहा संपला, मीटिंग पण संपली. बोरिवली लोकलमध्ये उभा असताना सुचलं की उत्तर दोनच शब्दांचं होतं, लांबचा चुलतकाका.

मूळ नाटकांत सगळे सरदार एकमेकांना 'कझिन' म्हणतात. चुलतभाऊ असो, पुतण्या असो, नाहीतर कुठला तरी लांबचा, सगळ्यांना तोच एक शब्द. इंग्रज प्रेक्षकाला पण त्यातून काही कळत नाही, तो बिचारा ब्रोशर उघडून वंशावळ बघतो. आपल्याकडे हे चालूच शकत नाही कारण मराठीत 'कझिन' लिहायचं म्हटलं की तुम्हाला ठरवावंच लागतं हा चुलत का मामे का आते, आणि हे ठरवताना अर्धी स्क्रिप्ट आपोआप सुटते. ब्लॅक प्रिन्सचा मुलगा रिचर्ड दुसरा आणि गाँटचा मुलगा बोलिंगब्रोक, म्हणजे पुढचा हेन्री चौथा, हे सख्खे चुलतभाऊ. एडमंड म्हणजे यॉर्क, हा दोघांचा काका. एक पुतण्या गादीवर, दुसरा पुतण्या सैन्य घेऊन दारात, आणि मध्ये हा म्हातारा काका, त्याला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही. मराठी घरात हा सीन समजवायला शून्य मिनिटं लागतात. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात जो खटला चाललाय तो पण धाकट्या काकाच्या म्हणजे थॉमसच्या खुनाचा आहे, आणि खून राजानेच करवलाय हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. स्टेजवर हे पहिल्या वेळेला कुणालाच कळत नाही. टीव्हीवर फक्त एवढं करा, कुणीतरी 'थॉमसकाका' म्हणावं आणि त्या शब्दावर राजाचा क्लोजअप घ्यावा. बस.

तसंच रिचर्ड तिसरा. हे सगळ्यांना खलनायकाचं नाटक वाटतं, पण कागदावर नाती लावलीत की दिसतं हे काका विरुद्ध मामा आहे. थोरला भाऊ एडवर्ड चौथा मरतो, पोरगा तेरा वर्षांच्या आत, आता त्याचा ताबा कुणाकडे, बापाच्या भावाकडे का आईच्या भावाकडे? रिचर्ड काय करतो, मामा म्हणजे रिव्हर्स याला आधी पकडतो, मग वहिनीकडून धाकटा पुतण्या काढून घेतो, दोन्ही पोरं लंडनच्या टॉवरमध्ये कैद, आणि मामाला उडवतो. हे सगळं १४८३ मधलं. आपल्याला १७७३ चा शनिवारवाडा शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे 'काका मला वाचवा' हे वाक्य स्क्रिप्टमध्ये टाकायचा मोह होणारच, टाकू नका. पोरगा नुसता 'काका' म्हणाला की उरलेलं वाक्य प्रेक्षक मनात म्हणतो, आणि ते तुम्ही लिहिलेल्यापेक्षा भारी असतं.

नावांचा एक घोळ इथेच निस्तरून टाका. ग्लॉस्टर, यॉर्क, सॉमरसेट ही नावं नाहीत, पदव्या आहेत, पेशवा म्हटल्यासारखं. या आठ नाटकांच्या गोष्टीत ग्लॉस्टर तीन वेगवेगळे आहेत: खून झालेला थॉमस, हेन्री सहाव्याचा काका हंफ्री, आणि नंतर स्वतः रिचर्ड. प्रेक्षकाने चौथ्या एपिसोडला ग्लॉस्टर मेलेला बघितला आणि नवव्याला परत ग्लॉस्टर आला की तो चॅनल बदलणार. पाळण्यातली नावं वापरा किंवा नातं वापरा, पदवी फक्त दरबारात पुकारताना.

आता लोक मला हटकून विचारतात की मग सरळ मराठीकरणच का नको, इंग्लंडचं सातारा-कोल्हापूर करून टाकू, दोन गाद्या, एकच घराणं. मोह मला पण झाला होता. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंजारराव केला आणि तो चालला, कारण ऑथेल्लो कुणाच्याही वंशावळीत नाही. इथली माणसं खरी आहेत, तारखा खऱ्या आहेत, अ‍ॅजिनकोर्ट २५ ऑक्टोबर १४१५ लाच झालं, ते पानिपत होऊ शकत नाही. आणि आपल्या इतिहासावर बेतलंत की प्रेक्षक नाटक सोडून कोण कोणावर आहे हे शोधत बसतो, मग नोटिसा, मग डिस्क्लेमर. इंग्लंड इंग्लंडमध्येच राहू द्या, फक्त जिभेवर मराठी ठेवा.

नाटक कुठलं निवडायचं? १६२३ च्या फोलिओमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, इतिहासनाटकं दहा आहेत, किंग जॉन आणि हेन्री आठवा ही दोन बाजूला ठेवा, ती या माळेत बसत नाहीत. उरली आठ. दीड-दोन तासांची एकच टेलिफिल्म मिळत असेल तर डोळे मिटून रिचर्ड दुसरा घ्या. स्टेजवर एकही मोठी लढाई नाही, लोकेशन्स मोजकी, आणि शेवटी राजाचं राजेपण काढून घेतात तो सीन. त्यात तो आरसा मागवतो, स्वतःचा चेहरा बघतो आणि आरसा फोडतो. गंमत म्हणजे १५९७ साली नाटक छापलं तेव्हा हा राजा उतरवण्याचा भाग त्यात नव्हताच, छापील स्वरूपात तो १६०८ ला आला, राजा खाली खेचताना दाखवणं तेव्हा धोक्याचं होतं. टीव्हीला याच्याइतका तयार सीन शोधून सापडणार नाही, आरसा म्हणजे क्लोजअपच की.

बाप-लेकाचं काही हवं असेल तर हेन्री चौथा, दोन भाग. रायगडाला जेव्हा जाग येते बघितलेल्या प्रेक्षकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या भागात बाप मरणाच्या दारात झोपलाय, उशीवर मुकुट आहे, मुलाला वाटतं बाप गेला, तो मुकुट उचलून घेऊन जातो, आणि बाप जागा होतो. एक पलंग, दोन माणसं, एक प्रॉप. एका शिफ्टमध्ये होतं.

आणि चाळीसेक एपिसोड मिळत असतील (मिळत नाहीत, पण समजा) तर हेन्री सहाव्याचे तीन भाग आणि रिचर्ड तिसरा. रिचर्ड तिसरा एकटा करू नका असं माझं मत आहे, ती सिरीयलचा शेवटचा महिना लावल्यासारखी गोष्ट होते, सगळे कुणावर तरी आधीच चिडलेले असतात आणि आपल्याला का ते माहीत नसतं.

आधी कुणी काय केलंय ते बघून घ्या. बीबीसीने १९६० मध्ये आठही नाटकं पंधरा भागांत केली, दर पंधरा दिवसांनी एक, आणि तीही लाइव्ह! प्रत्येक नाटकाचे दोन भाग, फक्त हेन्री सहावा भाग पहिला हा एका एपिसोडात कोंबला, म्हणून सोळाच्या जागी पंधरा. शॉन कॉनरी त्यात हॉटस्पर, म्हणजे हेन्री चौथ्यातला तरुण बंडखोर सरदार होता, बाँड व्हायच्या आधी. यातून शिकायचं ते म्हणजे नाटक मधोमध मोडायला घाबरायचं नाही. मग १९६५ चं वॉर्स ऑफ द रोझेस, पीटर हॉल आणि जॉन बार्टनचं, स्टेजवरचंच टीव्हीसाठी शूट केलेलं. बार्टनने चार नाटकांची तीन केली आणि सांधे जुळवायला हजाराहून जास्त ओळी स्वतःच्या पदरच्या घातल्या, शेक्सपिअरच्या ढंगात. म्हणजे तुम्ही दोन सीनमध्ये जोडणी लिहिलीत तर पाप नाही. १९८३ ला प्रसारित झालेली जेन हॉवेलची हेन्री सहावा माझी सगळ्यात आवडती, कारण तिच्याकडे पैसे नव्हते असं वाटतं आणि तिने ते लपवलं नाही. एकच सेट, लाकडी फळ्यांचा, मुलांच्या खेळायच्या मैदानासारखा, सुरुवातीला रंगीबेरंगी, आणि प्रत्येक नाटकागणिक रंग उडत जातो, जळतो, शेवटी रिचर्ड तिसऱ्याच्या अखेरीस प्रेतांच्या ढिगावर बसून हेन्री सहाव्याची राणी मार्गारेट हसते. २०१२ आणि २०१६ चं हॉलो क्राउन दिसायला सगळ्यात देखणं, खरे किल्ले, खरा चिखल. २०१६ मध्ये त्यांनी सफोक हा सरदार काढून त्याचं राणीबरोबरचं प्रेमप्रकरण सॉमरसेटला देऊन टाकलं, दोन माणसांचा एक माणूस. हे बिनधास्त करा. आपल्या कागदावर जो माणूस कुणाचाच काही लागत नाही तो कटिंगचा पहिला उमेदवार.

कास्टिंगचं एकच सांगतो, मार्गारेट चारही नाटकांत येते, नवी नवरी म्हणून फ्रान्समधून येते आणि शाप देणारी म्हातारी होऊन जाते. तिच्या डेट्स आधी लॉक करा, बाकी सगळे बदलता येतात. नाटकाचे दौरे, दुसरी मालिका, आपल्याकडे मधेच नट जातात हे माहीतच आहे.

आता कापाकापी. ढोबळ हिशोब असा की मूळ हजार ओळी म्हणजे साधारण तासभर. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती जाऊन बावीसेक मिनिटं हातात येतात, म्हणजे साडेतीनशे ओळी. रिचर्ड तिसरा छत्तीसशेच्या आसपास आहे, हॅम्लेटनंतरचं सगळ्यात लांब नाटक, अख्खं ठेवलंत तर दहा एपिसोड, आणि मराठीत ओळ लांबते हे धरलेलं नाही. म्हणून भाषांतर केल्या केल्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. शेजारी विचारतील काय झालं, त्यांना सांगा. आणि भाषांतर शक्यतो स्वतः करा, शेक्सपिअरवर कॉपीराइट नाही पण मराठी भाषांतरावर असू शकतो, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. शेल्फवरचं पुस्तक उचलून संवाद टाकलेत तर पत्र येईल.

सगळे सगळ्यात आधी काय कापतात? हेन्री पाचव्यामधलं आर्चबिशपचं सॅलिक कायद्यावरचं भाषण. साठेक ओळी, नुसती वंशावळ, फ्रान्समध्ये मुलीकडून वारसा चालत नाही म्हणतात पण तो कायदा फ्रान्सला लागूच नाही, अमक्याची पणजी तमक्याची नात. मी पण कापलं होतं. मग लक्षात आलं हे तर सातबारा वाचणं आहे, तलाठ्याच्या टेबलासमोर उभं राहून फेरफार ऐकतो ना तसं, आणि यातच सगळ्यात मोठा बॉम्ब आहे. हेन्री पाचवा फ्रान्सवर हक्क सांगतो तो एका बाईकडून, एडवर्ड तिसऱ्याच्या आईकडून. पण बाईकडून वारसा चालतो म्हटलं तर इंग्लंडची गादी त्याची स्वतःचीच राहत नाही! कागद बघा: हेन्री हा जॉन ऑफ गाँटचा नातू, आणि गाँटपेक्षा थोरला लायोनेल, त्याला एकच मुलगी, तिचा वंश म्हणजे मॉर्टिमर. हेन्री चौथ्यात हॉटस्पर भडकतो ते पण याच्यावरूनच, त्याचा मेव्हणा मॉर्टिमर कैदेत आहे आणि राजा खंडणी देऊन सोडवत नाही, का सोडवेल, सुटला तर तोच दावेदार. तर सॅलिक भाषणाच्या सीनमध्ये मी एक केलं, केंब्रिज नावाच्या सरदाराला कोपऱ्यात उभा केला. नाटकात तो त्या सीनला नाही. याची बायको मॉर्टिमर घराण्यातली होती. त्याला एकही वाक्य द्यायचं नाही, आर्चबिशप 'बाईकडून आलेला हक्क' म्हणतो तेव्हा फक्त त्याच्यावर दोन सेकंद. पुढे तो साउदॅम्प्टनच्या कटात सापडतो आणि डोकं उडतं, आणि त्याचा मुलगा म्हणजे तोच लांबचा चुलतकाका यॉर्क, जो पुढच्या तीन नाटकांत गादी मागतो. साठ ओळींच्या वीस करा, पण ठेवा.

उलट जे नुसतं सांगितलंय ते सगळं दाखवायला जाऊ नका. आपल्याला टीव्हीवाल्यांना वाटतं निरोप्या आला की कट करून फ्लॅशबॅक. राजपुत्राचा म्हातारा दोस्त फॉल्स्टाफ, त्याचा मृत्यू शेक्सपिअरने स्टेजवर दाखवलेला नाही, खानावळीची मालकीण सांगते, पाय गार पडले होते, मग गुडघे, मग वरवर सगळं दगडासारखं गार. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवा आणि हलवू नका.

कॅमेऱ्याकडे बघून बोलायची परवानगी एका नाटकात एकालाच द्या. रिचर्ड तिसऱ्यात अर्थात रिचर्डला. आपल्याकडे सोंगाड्या प्रेक्षकाला डोळा मारून बोलतो ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लोक लगेच त्याच्या बाजूने होतात, नको असताना होतात, तेच हवंय. पण गादी मिळाली की ते बंद करा. नाटकातच तो राज्याभिषेकानंतर आपल्याशी फार बोलत नाही, आणि बॉसवर्थच्या शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री बोलतो ते स्वतःशी. तिथे त्याने कॅमेरा शोधावा आणि त्याला सापडू नये.

लढाया. घोडे विसरा, प्राणी वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी, मग डॉक्टर, मग भाडं. हेन्री पाचव्याचा सूत्रधारच येऊन माफी मागतो की आमच्या या लाकडी गोलात फ्रान्सची रणभूमी कशी मावणार, आम्ही घोडे म्हटलं की तुम्ही घोडे बघा. त्याला शाहीर करा, डफ द्या, आपल्या प्रेक्षकाला याची सवय पोवाड्यापासून आहे. अ‍ॅजिनकोर्ट मात्र जुलैत शूट करा. खरी लढाई नांगरलेल्या शेतात रात्रभराच्या पावसानंतर झाली, चिलखतातले फ्रेंच सरदार चिखलात रुतले, आणि जुलैत गोरेगावात चिखल फुकट असतो. दहा माणसं, चार भाले, टाइट फ्रेम, बाकी साउंडवर. टाउटनच्या लढाईत तर तेवढं पण नको, राजा एका ढिगाऱ्यावर बसलाय, एका बाजूने बापाला मारलेला मुलगा येतो, दुसऱ्या बाजूने मुलाला मारलेला बाप, लढताना ओळखलं नव्हतं. तीन माणसं आणि दोन प्रेतं. क्राउड बोलावलात तर सीन मेला.

भाषेत सगळ्यात जास्त मार मी खाल्लाय. पहिल्या ड्राफ्टला सगळे 'हे राजन्' मध्ये बोलत होते, पौराणिक मालिकेचा सेट भाड्याने घेतल्यासारखं. यमक नको, दरबारात साधं, मोजकं, थोडं ताठ मराठी, आणि लंडनमधल्या ईस्टचीपच्या खानावळीत लालबाग-परळची जीभ, शिव्यांसकट, चॅनल बीप टाकेल तो टाको. हेन्री चौथ्यात निम्म्याजवळ गद्य आहे ते याच्याचसाठी. हेन्री पाचव्यात वेल्श, आयरिश, स्कॉट कॅप्टन येतात, प्रत्येकाचा हेल वेगळा, तिथे मालवणी-वऱ्हाडी करता येतं पण बोली म्हणजे विनोद असं करू नका, फ्लुएलन हा वेल्श माणूस त्या सैन्यातला सगळ्यात स्वाभिमानी आहे. तो पिस्टल नावाच्या बढाईखोर शिपायाला कच्चा लीक खायला लावतो, आपल्याकडे कांद्याची पात द्या, लांबून फरक कळत नाही.

आणि तू-तुम्ही सांभाळा, इंग्रजीपेक्षा आपल्याकडे हे हत्यार जास्त धारदार आहे. फॉल्स्टाफ राजपुत्राला आयुष्यभर अरे-तुरे करतो, राजपुत्रही त्याला. राज्याभिषेकाच्या दिवशी म्हातारा गर्दीतून ओरडतो, अरे माझ्या राजा, माझ्या पोरा! आणि नवा राजा म्हणतो मी ओळखत नाही. मूळात तो त्याला एकेरीतच झिडकारतो. मी तीन वेळा लिहून बघितलं, 'म्हाताऱ्या, तुला ओळखत नाही मी' यात अजून घरचा राग वाटतो. 'आजोबा, मी आपल्याला ओळखत नाही.' इथे नटाने हातातली वही खाली ठेवली होती वाचताना.

हेन्री पाचव्यातल्या फ्रेंच राजकन्या कॅथरीनचा इंग्रजी शिकायचा सीन अडचणीचा आहे, मूळात तो फ्रेंचमध्ये आहे. सगळे मराठी बोलत असतील तर ती काय शिकणार? तिला खरंच फ्रेंच बोलू द्या, खाली सबटायटल, आणि ती मराठी शिकते, हात, बोटं, नखं, कोपर. शेवटचा चावट विनोद मराठीत आपोआप होत नाही, तो तुम्हाला नवा काढावा लागेल, शुभेच्छा.

इतिहासाचे मास्तर येणारच. हॉटस्पर खरा राजपुत्रापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, शेक्सपिअरने बरोबरीचा केला. मार्गारेट १४८२ लाच फ्रान्समध्ये वारली, ती १४८३ च्या दरबारात शाप द्यायला कशी आली? आली, राहू द्या, नाटकाचंच ऐका. फक्त रिचर्डच्या पाठीवर उशी बांधू नका, २०१२ मध्ये लेस्टरच्या पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला, मणका बाकदार होता, कुबड नव्हतं, एक खांदा वर एवढं पुरतं.

तो कागद शूटिंगभर भिंतीवर लावून ठेवा आणि जो मरेल त्याच्यावर लाल पेनाने काट मारत जा. बॉसवर्थपर्यंत, २२ ऑगस्ट १४८५, जवळजवळ सगळा लाल होतो. रिचर्डला हरवणारा हेन्री ट्यूडर आणि एडवर्ड चौथ्याची मुलगी एलिझाबेथ यांचं लग्न ठरतं, दोन्ही गुलाब एक, तुताऱ्या. पण कोपऱ्यात एक नाव बिनकाटीचं राहतं, रिचर्डचा भाऊ क्लॅरन्स, त्याचा मुलगा, दहा वर्षांचा. दुसऱ्या अंकात याने आजीला विचारलं होतं, बाबा गेले का गं, आणि सांगितलं होतं की रिचर्डकाकांनी मला जवळ घेतलं, ते रडले पण. पुढे नाटकात त्याचं एवढंच येतं की रिचर्डने त्याला कोंडून ठेवलं. नव्या राजाने त्याला टॉवरमध्ये ठेवला आणि १४९९ मध्ये मारला. माझ्या शेवटच्या एपिसोडचा शेवटचा शॉट त्याचा आहे, लग्नाच्या वरातीत, कुणाचं तरी बोट धरून. कुणाचं ते फ्रेमच्या बाहेर ठेवलंय.